ताटाची मधली जागा

ताट वाढायची आपल्याकडे एक रीत आहे. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं डाव्या हाताला. भाज्या, उसळ, आमटीची वाटी उजव्या हाताला. मधोमध भाताची मूद आणि तिच्या अलीकडे पोळी किंवा भाकरी. लहानपणी कर्जतला माहेरी पंगतीत वाढताना ही रीत मोडली की आजी माजघरातून हाक मारायची. तेव्हा वाटायचं, दिसायला नेटकं दिसावं म्हणून हे सगळं. आता पन्नाशी उलटल्यावर मधली जागा रिकामी ठेवून जेवायला बसायला लागले आणि त्या रीतीतला हिशेब कळला. डावीकडचं जिभेला, उजवीकडचं तोंडी लावायला आणि मधलं पोटाला. मधलं काढून घेतलं की पोटाची सगळी जबाबदारी कडेच्या मंडळींवर येते. चमचाभर कोशिंबीर, डावभर मेथी, सुरणाच्या दोन फोडी एवढ्यावर भागत नाही. भाजी भाताच्या मापाने वाढावी लागते, आणि भाताच्या मापाने वाढलेली भाजी नुसती खाता येईल इतपत बेताच्या तिखटमिठाची करावी लागते. माझा स्वयंपाक बदलायला सुरुवात झाली ती इथून.

आमच्या घरी हे आलं ते रक्ततपासणीच्या कागदावरून. ह्यांची तीन महिन्यांची साखर काठावर आली. गोळ्या लगेच नकोत, आधी भात-पोळी कमी करा, चाला, वजन उतरवा, असं डॉक्टर म्हणाले. मुलगी म्हणाली, "आई, पॅलिओ करून बघूया. बाबा एकटे नाही करायचे, तू पण कर." तिने नियम सांगितले. माणूस शेती करायला लागायच्या आधी जे खात होता तेवढंच खायचं. मासे, मटण, अंडी, पालेभाज्या, फळभाज्या, कंद, फळं, बदाम-अक्रोड, खोबरं चालेल. गहू, तांदूळ, ज्वारी, बाजरी नाही. तूर-मूग नाही, मटकी-चवळी नाही. शेंगदाणेसुद्धा नाहीत, कारण तेही द्विदलच. दूध-दही नाही, साखर-गूळ नाही. डॉक्टरांना यादी दाखवली. त्यांनी दोन-चार गोष्टी विचारल्या, मूत्रपिंडाची तपासणी करून घेतली आणि होकार दिला. साखरेच्या गोळ्या चालू असत्या तर आधी त्यांचं मोजमाप बदलावं लागलं असतं, हेही त्यांनी बजावलं. हा भाग मी मुद्दाम लिहिते आहे, कारण शेजारणी नुसती यादी मागतात.

डोंबिवलीतल्या आमच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या खाली धान्याचे डबे आहेत. त्यातले गहू-तांदूळ हळूहळू संपवले आणि पुन्हा भरले नाहीत. ज्वारीचा डबा मात्र भरलेलाच राहिला. सासूबाई आमच्याकडे असतात. त्या बार्शीकडच्या. त्यांचं जेवण म्हणजे भाकरी, आणि त्यांच्या वयात त्यांना कुणी काही सोडायला सांगावं असं मला वाटत नाही. त्यामुळे रोज सकाळी मी भाकरी थापते आणि खात नाही.

हे मला कुठल्याही पुस्तकाने सांगितलं नव्हतं, की सोडलेल्या अन्नाला रोज हात लावावा लागला तर काय होतं. परातीत पीठ घ्यायचं, मधे खळगा करून कढत पाणी ओतायचं, पीठ हाताला सोसेल तसं मळायचं. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. ते मळून मळूनच एकजीव करावं लागतं, नाहीतर भाकरी कडेला चिरते. मग तळहाताने थापत थापत परातीत गोल फिरवायची. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा. पाणी सुकत आलं की उलटायची. शेवटी तवा बाजूला करून जाळावर धरली की एका कडेने फुगायला लागते आणि सगळा पापुद्रा सुटून येतो. त्यातून जी वाफ निघते तिला वास आहे. तो वास इतकी वर्षं मला आलाच नव्हता असं नाही. पण तो भूक लागली असताना यायचा आणि लगेच घासात मिटून जायचा. आता तो तसाच राहतो. सकाळभर घरात असतो. भाकरी सोडल्यावर मी भाकरीचा वास घ्यायला शिकले, असं म्हटलं तर ते खरं आहे.

सासूबाईंना कसं सांगायचं याची मला काळजी होती. ज्या बाईने 1972 च्या दुष्काळात खडी फोडली, रस्त्याच्या कामावर सुकडी खाल्ली, अमेरिकेतून आलेल्या लाल मिलो ज्वारीची भाकरी घशाखाली उतरवली, तिच्यासमोर पांढऱ्याशुभ्र मालदांडी ज्वारीची भाकरी नको म्हणायची. त्या ऐकून घेऊन थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "भाकर नसली की काय व्हतं ते आमी बघितलंय. तुमचं येगळं हाय. डबा भरलेला हाय आन् तुमी खात न्हाई. खावा बाई तुमाला मानवंल ते." नंतर त्यांनीच सांगायला सुरुवात केली. त्या वर्षी रानात आपसूक उगवलेला बरबडा झोडून आणायचे, घोळीची भाजी नुसत्या मिठावर शिजवायचे, कुणाच्या बांधावर कवठ पडलं तर ते घरात पाच जणांत वाटायचं. त्या हे तक्रारीने सांगत नव्हत्या. प्रत्येक भाजी कुठे सापडायची ती जागा सांगत होत्या. ओढ्याच्या काठाला, पांदीत, बंद पडलेल्या मोटेच्या धावेवर. पन्नास वर्षं उलटली तरी तो नकाशा त्यांच्या डोक्यात तसाच आहे.

पॅलिओ हे नाव आणि त्यामागचा विचार अमेरिकेतून आला. 1975 मध्ये वॉल्टर व्होग्टलिन या पोटविकारतज्ज्ञाने अश्मयुगीन आहारावर पुस्तक लिहिलं. 1985 मध्ये बॉइड ईटन आणि मेल्विन कॉनर यांचा लेख 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला आणि डॉक्टर मंडळींनी त्याची दखल घेतली. ईटन डॉक्टर, कॉनर मानववंशशास्त्रज्ञ. कॉनर कलहारीच्या वाळवंटात शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या लोकांमध्ये राहून आलेले होते. 2002 मध्ये लॉरेन कॉर्डेन यांचं पुस्तक आलं आणि हा आहार घरोघरी पोचला. म्हणणं सरळ आहे. माणूस लाखो वर्षं शिकार करत, वेचत, खणत जगला. शेतीला जेमतेम दहा-बारा हजार वर्षं झाली. साखर आणि मैदा रोजच्या ताटात आले ते तर कालपरवा. शरीर जुन्या खाण्यावर घडलेलं आहे आणि आपण त्याला नवं खायला घालतो आहोत.

हे म्हणणं ऐकायला पटतं, आणि माझा त्यातल्या बऱ्याचशा भागावर विश्वासही आहे. पण अश्मयुग इतकं सोपं नव्हतं. इस्राएलमध्ये गॅलिलीच्या सरोवराचं पाणी 1989 मध्ये खूप खाली गेलं आणि तळातून तेवीस हजार वर्षांपूर्वीची एक वस्ती उघडी पडली. ओहालो म्हणतात तिला. तिथे झोपड्या होत्या, माशांचे काटे होते, आणि एक दगडी पाटा होता. त्या पाट्याला रानटी जवाचं पिष्ट चिकटलेलं सापडलं. शेतीच्या कितीतरी आधी तिथे कुणीतरी बाई धान्य वाटत होती. (बाईच असेल असं मला वाटतं, पुरावा काही नाही.) त्याहून मागे जायचं तर आफ्रिकेत मोझांबिकमध्ये एन्गालुए नावाची गुहा आहे. तिथल्या दगडी हत्यारांवर रानज्वारीच्या पिष्टाचे कण मिळाल्याचं 2009 मध्ये प्रसिद्ध झालं. काळ सांगितला एक लाख वर्षांच्या आसपासचा. त्यावर शंका घेणारे अभ्यासक आहेत, कारण हत्यारावर कण असणं म्हणजे ते पोटात गेलंच असं होत नाही. पण ज्या दिवशी मी हे वाचलं त्या दिवशी सकाळी माझ्या हाताला ज्वारीचंच पीठ होतं. रानात उभं असलेलं कणीस कुणीतरी लाख वर्षांपूर्वी दगडावर घासलं असेल, ही कल्पना मला दिवसभर पुरली.

मग धान्य सोडण्याला अर्थ काय उरला? माझ्यापुरता उरला. आम्ही धान्य खात होतो ते ओंजळभर रानटी बी नव्हतं. सकाळी पोहे, दुपारी पोळी आणि भात, चहाबरोबर बिस्किटं, रात्री पुन्हा पोळी असं ते दिवसभर चालायचं. जुन्या माणसाच्या ताटात धान्य असलं तर ते कडेला असेल, आमच्या ताटात सगळीकडे तेच होतं. हाडझा लोक टांझानियात अजून वेचून खातात. त्यांच्या खाण्यात कंद असतात, बोरं असतात, गोरखचिंचेचा गर असतो, शिकार मिळाली तर मांस असतं, आणि मध तर भरपूर असतो. ध्रुवाकडच्या लोकांचं ताट याच्या अगदी उलट, सगळं मासे आणि चरबीचं. म्हणजे अश्मयुगाचा एकच एक आहार असा नव्हताच. ज्या जागेवर माणूस राहिला त्या जागेने त्याला जे दिलं ते त्याने खाल्लं. हे कळल्यावर मी बदाम-अक्रोडांच्या पुड्या आणायच्या कमी केल्या आणि आमच्या जागेने काय दिलं आहे ते शोधायला लागले.

सुरुवातीचे दिवस कठीण गेले. ह्यांचं डोकं दुखायचं, चिडचिड व्हायची. दुपारी साडेतीनला काहीतरी पीठ-साखरेचं हवं असं अंग मागायचं. पाणी, मीठ-लिंबू, उकडलेलं अंडं, ओल्या खोबऱ्याचा तुकडा यावर ती वेळ निभावून न्यावी लागे. मग हळूहळू भूक बदलली. आधी ती घड्याळाच्या काट्यावर यायची आणि आली की थांबायची नाही. नंतर ती हळू आवाजात यायला लागली आणि वाट पाहायला तयार झाली. चवींचंही असंच झालं. भोपळ्याला इतकी गोडी असते हे साखर सुटल्यावर कळलं.

कोकणच्या माणसाला मासे चालतात म्हटल्यावर अर्धी लढाई जिंकल्यासारखं वाटतं. पण भाताशिवाय कालवण म्हणजे काय? आमच्याकडे कालवण हे भातावर ओतायसाठीच जन्माला येतं. ते पातळ असतं, झणझणीत असतं, आंबट असतं, कारण खाली भाताचा ढीग त्याला सांभाळून घेणार असतो. भात गेल्यावर मी बांगड्याचं तिरफळं घातलेलं कालवण घट्ट करायला लागले. खोबरं जास्त, मिरची निम्मी, कोकम बेताने. वाटीत घेऊन चमच्याने खायचं. तारली, मांदेली, बोंबील हे स्वस्त मासे आठवड्यातून अधिक वेळा यायला लागले. सासूबाई पहिल्यांदा मांदेलीकडे संशयाने बघायच्या. आता भाकरीबरोबर तळलेल्या मांदेल्या मागून घेतात.

आणि मग पहिला पाऊस पडला. डोंबिवली स्टेशनाच्या बाहेर मुरबाड, शहापूर, कर्जतकडच्या बायका पहाटेच्या गाडीने टोपल्या घेऊन येतात. जूनच्या सुरुवातीला त्यांच्याकडे शेवळं येतात. पाऊस लागता लागता जमिनीतून वर येणारा हा कोंब. तपकिरी-जांभळा, वितीएवढा, पानाआधी फुलाचा दांडा वर काढणारा. पानाने बांधलेल्या जुड्या, आणि शेजारी लहानशी हिरवी आंबट काकडं. मी जुडी उचलली तर बाई म्हणाली, "ताई, काकडं घेतल्याशिवाय नेऊ नका. नंतर मला बोल लावाल."

म्हटलं, "मावशी, माहेर कर्जतचं आहे माझं. माहीत आहे."

"मग वरनं चार जास्त देते," ती म्हणाली.

शेवळं नीट करायची ती हाताला तेल लावून. बाहेरचं आवरण उलगडून काढायचं. आतल्या दांड्यावर पिवळसर, दाणेदार भाग असतो, तो काढून टाकायचा, कारण खाज तिथेच असते. उरलेलं बारीक चिरायचं आणि तेलावर चांगलं परतून घ्यायचं. काकडं ठेचून, त्यांचा रस काढून तो घालायचा, म्हणजे घसा खवखवत नाही. मग कोळंबी किंवा सोडे किंवा खिमा, कांदा आणि ओल्या खोबऱ्याचं वाटण. आमच्याकडे कोळंबीच. शिजताना जो वास येतो तो मातीचा आणि मांसाचा एकाच वेळी असतो, आणि ज्याने तो लहानपणी घेतला नाही त्याला तो समजावून सांगता येत नाही. कुणी पहिल्यांदा हा कोंब तोंडात घातला असेल, त्याची जीभ सुजली असेल, आणि तरीही त्याने शोध सोडला नसेल. कधीतरी कुणाच्या लक्षात आलं असेल की त्याच रानात, त्याच दिवसांत काकडाच्या झाडावर याचा उतारा लटकलेला असतो. शेवळं आणि काकडं एकाच टोपलीत येतात, यात किती पिढ्यांची दुखरी जीभ असेल.

शेवळ्यांमागून टाकळा आला, कुर्डू आली, फोडशी, भारंगी, कवला आला. श्रावणाच्या सुमाराला कर्टुली. आम्ही या भाज्या तोंडी लावायला कधीमधी आणत होतो. आता त्या ताटाच्या मधोमध आल्या. टाकळ्याची भाजी वाडगाभर खायची तर कोवळी पानंच हवीत, जून झालेली कडवट लागतात. फोडशीच्या बुडाचा पांढरा भाग आणि मधली कडक काडी काढावी लागते. हे सगळं मावशी सांगत गेली, मी ऐकत गेले. ती ठाकर समाजातली. तिच्याबरोबर एक कातकरी मुलगी यायची, खेकडे आणि चिंबोऱ्या घेऊन. कधी करांदे असायचे. कडू करांद्याविषयी मी विचारलं तर ती मुलगी म्हणाली, त्याच्या चकत्या करून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायच्या, मग उकडायच्या. ओढ्याचंच पाणी पाहिजे, नळाखाली नाही जमत.

कातकऱ्यांची गणना सरकार आदिम जमातींत करतं. खैराच्या झाडापासून कात काढायचं त्यांचं काम जंगलाबरोबर गेलं. पाऊस संपला की त्यातले कितीतरी जण वीटभट्ट्यांवर जातात आणि पुन्हा पावसाच्या तोंडावर परततात. पावसाळा हा त्यांचा रानभाज्यांचा काळ आणि कामाशिवायचाही काळ. त्या मुलीला मी एकदा विचारलं, घरी आज काय जेवलात? ती म्हणाली, "भात मिळाला तर भात. नाहीतर हेच," आणि टोपलीकडे बोट दाखवलं. ज्या ताटाचं मी मोठ्या निर्धाराने व्रत घेतलं होतं, ते तिच्याकडे तांदूळ संपल्यावर येत होतं. मला तिच्यासमोर खाण्याविषयी पुढे बोलता आलं नाही. मी फक्त भाव करायचा सोडला. रानातलं हे सगळं ज्ञान शहरातल्या आम्हा लोकांना आरोग्यासाठी हवं झालं आहे, आणि ज्यांच्याजवळ ते आहे त्यांची मुलं शाळेच्या खिचडीची वाट पाहतात. या दोन गोष्टी मला एकत्र बसवता येत नाहीत, आणि त्या बसवता येऊ नयेत असंच मला वाटतं.

भाद्रपदात ऋषिपंचमी आली. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी. माझ्या आईने हे व्रत आयुष्यभर केलं. त्याच्या कथेत विटाळाचा जो भाग आहे तो मला मान्य नाही, आणि म्हणून लग्नानंतर मी व्रत सोडलं होतं. त्यातली भाजी मात्र सोडवली नाही. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, असा नियम. नांगरलेल्या शेतातलं काही चालत नाही. परसातलं, कुंपणावरचं, हाताने खणून लावलेलं चालतं. अळू, सुरण, लाल माठ, भोपळा, पडवळ, शिराळी, भेंडी, अंबाडे, कच्ची केळी, मक्याचं कणीस. सगळं एका पातेल्यात, पुष्कळ घरांत फोडणीसुद्धा नाही. नुसतं मीठ, हिरवी मिरची, चिंच, ओलं खोबरं. भात हवाच असेल तर तळ्याकाठी आपोआप उगवणारा देवभात.

यंदा ती भाजी करताना मी पातेल्यात डाव घालून उभी राहिले. वर्षातला एक दिवस नांगराच्या आधीचं जेवायचं, असं आमच्या आज्या-पणज्यांनी ठरवून ठेवलं होतं, आणि ते ऋषींच्या नावे. हे ऋषी रानात राहणारे, कंदमुळं खाणारे. शेती करणाऱ्या समाजाला आपल्या आधीच्या ताटाची काहीतरी आठवण जपून ठेवावीशी वाटली असेल का? की बैलाला एक दिवस उसंत द्यावी, त्याच्या मानेवरच्या जुवाची जाण ठेवावी, एवढंच असेल? बैलाच्या बाजूने विचार करणारा दुसरा आहार मला तरी माहीत नाही. मक्याचं कणीस अमेरिकेतून, पोर्तुगीज इकडे आल्यानंतर आलेलं, मिरचीही तिकडचीच. तरी व्रताने त्यांना सामावून घेतलं. नियमाचा रोख वस्तूवर नव्हता, ती कशी पिकली यावर होता. पॅलिओच्या यादीपेक्षा मला हा विचार अधिक खोल वाटतो.

दिवाळीनंतर पुण्याला गेलो तेव्हा डेक्कन कॉलेजचं संग्रहालय मुद्दाम पाहिलं. पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांनी प्रवरेच्या काठी, नेवाशाला, दगडी हत्यारं शोधली. ज्या गावात ज्ञानेश्वरी सांगितली गेली त्याच गावच्या नदीने अश्मयुगही सांभाळून ठेवलं होतं. पण मी जास्त रेंगाळले ती इनामगावच्या वस्तूंपाशी. शिरूरजवळ घोड नदीच्या काठी हे गाव आहे. 1968 ते 1983 अशी पंधरा वर्षं सांकलिया, ढवळीकर, अन्सारी आणि त्यांचे सहकारी तिथे खणत होते. साडेतीन हजार वर्षांपूर्वी तिथे शेतकरी राहत होते. जव पिकवत, मसूर पिकवत, पुराचं पाणी अडवून पाटाने शेताला देत. चौकोनी घरं, धान्य साठवायच्या कणग्या. दगावलेल्या मुलांना मडक्यात ठेवून घरातल्या जमिनीखालीच पुरायचे. तीनएक हजार वर्षांपूर्वी हवा कोरडी होत गेली, पाऊस रोडावला. चौकोनी घरं जाऊन गोल झोपड्या आल्या. शेती मागे पडली, जनावरं आणि शिकार यांच्यावर भिस्त वाढली. आणि शेवटी वस्ती उठली.

नांगर हातात आल्यावर पुन्हा शिकारीकडे जावं लागलेली माणसं. तीही आमच्याच पठारावरची, बार्शीपासून फार लांब नसलेली. त्यांच्या बायकांनी रिकाम्या कणग्यांकडे कसं पाहिलं असेल? मला तिथे सासूबाई आठवत होत्या, आणि त्यांच्या डोक्यातला ओढ्याकाठच्या घोळीचा नकाशा. धान्याआधीचं ताट आपल्या पाठीमागे कुठेतरी लांब आहे असं मी समजत होते. ते दर दुष्काळात पुढ्यात येत आलं आहे.

ह्यांची साखर आता काठावरून आत आली आहे. माझे गुडघे जिने चढताना पूर्वीइतके बोलत नाहीत. एवढं श्रेय या खाण्याला द्यायला मी तयार आहे. पण कुणी मला विचारलं, सगळ्यांनी असं खावं का, तर माझा जीव होकाराला धजत नाही. महिन्याचा मासळी-अंड्यांचा खर्च मी बघते. भाकरीएवढ्या पैशात भाकरीएवढं पोट भरणारं दुसरं काही बाजारात नाही. खडी फोडणाऱ्या माणसाला भाजीचं भांडं पुरत नाही. आणि माझा दीर बार्शीला ज्वारीच पेरतो. काळी जमीन, रब्बीचा पेरा, दवावर आणि मातीतल्या ओलीवर वाढणारं पीक. कडबा जनावरांना, दाणा माणसांना. त्याच्या शेताकडे बघून हे धान्य माणसाचं वाईट करतं असं माझ्या तोंडून निघणार नाही.

परवा त्याचा फोन आला. थंडी पडली की येतो तसा.

"वहिनी, गुळभेंडी निसवलीय यंदा चांगली. संक्रांतीच्या अलीकडं हुरड्याला या. आईला पण आणा."

आगटीत कणसं खुपसायची, गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजायची, गरम गरम हातावर चोळून फुंकर मारून दाणे पुढ्यात टाकायचे. हिरवे, दुधाळ, गोडसर दाणे. त्याच्याबरोबर तिळाची चटणी, दही, गूळ. माझ्या यादीत यातलं जवळजवळ काहीच बसत नाही. आणि तरीही आग, हात आणि रानातलं उभं कणीस यांच्याइतकं जुनं खाणं माझ्या माहितीत दुसरं नाही.

मी म्हटलं, "भावजी, आगटीत रताळी पण घालाल का? आणि वांगी."

"घालू की. वांगी बांधावर हायती. पर हुरडा खाणार न्हाई म्हणू नका."

"येतो तर खरं," मी म्हटलं. सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. फोन ठेवायच्या आत त्यांनी विचारलं, सोलापूरच्या गाडीला आता आधीपासून जागा धरावी लागते का, आणि कुठल्या दिवसाची धरतेस.